घरातले पिंप

मराठीत आपण सहजपणे ‘पिंप’ म्हणतो तो शब्द मूळचा आपला नव्हे. पोर्तुगिजांच्या ‘पीपा’ या शब्दाचे ते मराठी रूप होय. पाव, साबण, चावी, बटाटा हे शब्द ज्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले, त्याच गलबतांतून पिंपही उतरले आणि पाहता पाहता आपल्या न्हाणीघरात व विहिरीपाशी स्थिरावले. आमच्या लहानपणी पिंप म्हणजे पाणी साठवायचे पत्र्याचे भांडे, एवढाच अर्थ आम्हांस ठाऊक होता. त्या शब्दाच्या पोटात लाकडाच्या फळ्यांचा, लोखंडी कड्यांचा आणि आंबवलेल्या पेयाचा वास दडलेला आहे, हे आमच्या ध्यानी आले ते पुष्कळ उशिरा आणि तेही परदेशात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात गेलो होतो. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त डेन्व्हर शहराच्या उपनगरात स्थायिक झालेले आहेत. त्यांच्या कन्येचा बाप्तिस्मा आमच्या हातून व्हावा, अशी घरच्यांची इच्छा. त्यांच्या मातोश्रीही आमच्यासोबत होत्या. त्या कुटुंबाविषयी पुढे जे लिहिले आहे ते त्यांच्या अनुमतीने लिहिले आहे आणि नावे मुद्दाम गाळली आहेत.

पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी यजमानांनी आम्हांला मोटार ठेवण्याच्या खोलीत नेले. तेथे एक जुना रेफ्रिजरेटर उभा होता. त्याच्या दाराला दोन भोके पाडून बाहेरच्या बाजूने दोन तोट्या बसवल्या होत्या. दार उघडले तेव्हा आत दोन फूट उंचीची, चकचकीत पोलादाची दोन उभी पिंपे दिसली. त्यांच्या मागे एक लहान सिलिंडर, त्यावर दोन घड्याळांचा रेग्युलेटर आणि सर्वत्र पारदर्शक नळ्यांचे जाळे. ‘फादर, ही बियर मी स्वतः घरी केलेली आहे,’ यजमान अभिमानाने म्हणाले. त्यांच्या मातोश्री सिलिंडरकडे पाहून म्हणाल्या, ‘ह्या गॅसवर भात शिजतो का रे?’ आम्ही सारे हसलो. त्या मात्र हसल्या नाहीत.

त्या का हसल्या नाहीत, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांच्या पतीला अंतिम संस्कार आम्हीच दिले होते. मृत्यूच्या दाखल्यावर यकृताचा आजार लिहिलेला होता. तो आजार घरात कोणत्या वाटेने आला हे साऱ्या आळीला माहीत होते. धर्मगुरू म्हणून आजवर अशा किती शवपेट्यांवर आम्ही पवित्र पाणी शिंपडले, याची मोजदाद ठेवण्याचे धैर्य आम्हांला झालेले नाही. तेव्हा त्या तोट्या पाहून आमच्या मनात कौतुक आणि धास्ती एकाच वेळी उभी राहिली. तथापि सेमिनरीत आम्हांला ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवणाऱ्या वृद्ध गुरुजींनी एक सवय लावून ठेवली होती: एखाद्या वस्तूविषयी निवाडा करण्यापूर्वी ती कोठून आली ते विचारावे. आम्ही विचारू लागलो.

बियर हे पेय मुळात घरचेच. मोड आणलेले जव भाजावे, भरडावे, गरम पाण्यात भिजवून त्यांतील गोडवा उतरवून घ्यावा, तो उकळावा, निववावा आणि त्यात किण्व सोडावे, एवढीच तिची कृती. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हे काम भाकरी भाजण्याइतकेच बायकांचे होते. ‘ब्रूस्टर’ हा इंग्रजी शब्द मूळचा स्त्रीलिंगी आहे, यातच सारे आले. त्या काळची ‘एल’ चार-आठ दिवसांत आंबट होई. म्हणून एखादी गृहिणी आज करी, घरापुरती ठेवून उरलेली शेजारणींना विके आणि पुढच्या आठवड्यात शेजारणीकडून विकत घेई. पुढे हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालण्याची रीत इंग्लंडात पसरली. हॉप्समुळे पेय टिकू लागले. टिकू लागले म्हणून ते मोठ्या प्रमाणावर करून दूर पाठवता येऊ लागले. त्यासाठी मोठी भांडी व भांडवल लागू लागले. आणि भांडवल आले तसा धंदा पुरुषांच्या हाती गेला. हॉप्सच्या या गुणाची नोंद करणाऱ्यांत बाराव्या शतकातील संत हिल्देगार्द ही जर्मन मठाधिपती आहे. हॉप्सचा कडवटपणा पेयाला नासू देत नाही, हे तिने लिहिले. त्याच ठिकाणी, हॉप्समुळे माणसाची उदासी वाढते, असा इशाराही तिने देऊन ठेवला. याच हिल्देगार्दला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१२ साली ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून घोषित केले.

मठांचा विषय निघाला आहे तर स्वित्झर्लंडमधील संत गॅलच्या मठात जपून ठेवलेल्या आराखड्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. इसवी सन ८२० च्या सुमारास चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून त्यावर एका आदर्श मठाचा नकाशा काढण्यात आला. त्यात बियर करण्याच्या तीन जागा दाखवल्या आहेत. एक मठवासीयांसाठी, दुसरी प्रतिष्ठित पाहुण्यांसाठी आणि तिसरी यात्रेकरू व गोरगरिबांसाठी. नकाशाप्रमाणे मठ कधी बांधला गेला नाही, परंतु गरिबाच्या वाट्याचे पेयही नकाशात धरून चालणारी माणसे तेव्हा होती. गोरगरिबांच्या बियरचा दर्जा पाहुण्यांच्या बियरइतकाच होता की कसे, याविषयी नकाशा अर्थातच मौन पाळतो.

घरच्या बियरवर पहिला मोठा आघात झाला तो सरकारी तिजोरीचा. इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टन यांनी १८८० साली माल्टवरील जुना कर रद्द करून तयार बियरवर कर बसवला. त्याबरोबर घरी बियर करणाऱ्यालाही परवाना घेणे भाग पडले. हा परवाना १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. मधल्या ८३ वर्षांत घरी बियर करण्याची रीत तेथे जवळजवळ विसरली गेली.

अमेरिकेची कथा अधिक नाट्यमय आहे. जानेवारी १९२० मध्ये तेथे देशव्यापी दारूबंदी लागू झाली. मिस्साबलिदानासाठी लागणाऱ्या वाइनला कायद्याने सूट होती; बियरला कोठलीच सूट नव्हती. दुकानांतून माल्टचा पाक मात्र राजरोस विकला जाई आणि तो घेणारा त्याचे घरी काय करतो हे दुकानदार विचारीत नसे. तळघरात, न्हाणीघरात, जमेल तेथे लोक बियर करीत आणि ती बहुधा वाईट होई. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली. त्यानंतर कुटुंबापुरती वाइन घरी करण्यास मुभा मिळाली, परंतु बियरला ती मिळाली नाही. द्राक्षे तुडवणारा इटालियन शेजारी कायद्यात बसला आणि जव भिजवणारा जर्मन शेजारी गुन्हेगार ठरला. ही विसंगती ४५ वर्षे टिकली.

ती दूर झाली १४ ऑक्टोबर १९७८ रोजी. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीसह आलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या दिवशी स्वाक्षरी केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून ते अंमलात आले. गंमत अशी की कार्टर हे बाप्टिस्ट पंथाचे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ. आपल्या कारकिर्दीत व्हाइट हाउसमधील मेजवान्यांतून त्यांनी कडक मद्य बंद करून टाकले होते. त्यांच्याच लेखणीने घरच्या बियरला मुक्ती मिळाली. कायद्याने घालून दिलेली मर्यादा अशी: एका प्रौढाच्या घरास वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन, पिण्यासाठी, विकण्यासाठी नव्हे. तरीही राज्यांचे कायदे निराळे होतेच. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ साली परवानगी दिली, तेव्हा कोठे हा प्रश्न देशभर मिटला.

आमचे यजमान राहतात त्याच राज्यात, डेन्व्हरजवळच्या बोल्डर गावी, याच १९७८ साली घरी बियर करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे एक संस्थापक चार्ली पापाझियन हे शिक्षणाने अणुअभियंता. कायदा होण्यापूर्वीपासूनच ते गावात बियर करण्याचे वर्ग घेत असत. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने सबंध एक पिढी या छंदाला लावली. आमच्या यजमानांच्या फडताळात त्याची डाग पडलेली प्रत होती. पानांवरचे डाग पाहून ते पुस्तक वाचण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी घेतलेले आहे, हे लगेच कळत होते.

कायदा आला, पुस्तक आले, तरी एक अडचण शिल्लक होती आणि ती बाटल्यांची. घरी एका वेळी सामान्यतः पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बियर होते. तिच्या बाटल्या भरतात पन्नासाहून थोड्या अधिक. प्रत्येक बाटली धुवायची, निर्जंतुक करायची, थोडी साखर घालून भरायची, झाकण दाबायचे आणि आत किण्वाने त्या साखरेचा वायू करीपर्यंत दोन-तीन आठवडे थांबायचे. साखर जास्त पडली तर रात्री-अपरात्री बाटली फुटायची. लाकडी पिंप हा जुना उपाय होता, परंतु पिंपे घडवणारे कारागीर दुर्मीळ झाले होते आणि लाकूड घरगुती निष्काळजीपणाला क्षमा करीत नाही. मद्यनिर्मिती कारखान्यांची धातूची पिंपे प्रचंड. ती उघडण्यास खास हत्यारे लागत.

या अडचणीचे उत्तर बियरवाल्यांकडून आलेच नाही. ते आले थंड पेयांच्या व्यवसायाकडून. अमेरिकेतील उपाहारगृहांना कोकाकोला, पेप्सी यांसारख्या कंपन्या आपला पाक पाच गॅलनच्या पोलादी पिंपांतून पुरवीत असत. मिनेसोटा राज्यातील कॉर्नेलियस या कंपनीच्या नावावरून या पिंपांना आजही ‘कॉर्नी’ म्हणतात. पुढे प्लॅस्टिकची पिशवी आणि पुठ्ठ्याचे खोके आले. पाक त्यांतून जाऊ लागला आणि हजारो पोलादी पिंपे भंगारात निघाली. घरी बियर करणाऱ्यांनी ती क्षुल्लक किमतीत उचलली. भंगारवाल्याच्या अंगणात इतिहास असा वळण घेतो, हे सेमिनरीत आम्हांला कोणी शिकवले नव्हते.

या पिंपाची रचना पाहण्यासारखी आहे. वरच्या बाजूस दोन टोके असतात. एकातून वायू आत जातो. त्याची नळी आखूड, झाकणाखालीच संपणारी. दुसऱ्यातून पेय बाहेर येते. त्याची नळी थेट तळापर्यंत गेलेली. वायूने वरून पेयाला दाबले की पेयाला तळातून वर चढून बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसते. पेप्सीच्या पिंपांची टोके एका प्रकारची, कोकाकोलाची दुसऱ्या प्रकारची; एकाची जोडणी दुसऱ्यास बसत नाही. कंपन्यांचे वैर असे घराघरांतील तोट्यांपर्यंत उतरले आहे.

सर्वांत चतुर आहे ते झाकण. ते लंबगोल असते, म्हणून तिरपे करून त्याच तोंडातून आत सरकवता येते आणि मग आतून वर ओढून बसवायचे. त्याच्या कडेला रबरी वायसर असतो. आतील वायूचा दाब झाकणाला वर रेटतो आणि दाब जितका अधिक तितके झाकण अधिक घट्ट बसते. हे ऐकताच आम्हांला आपल्या जत्रेतला गोटी सोडा आठवला. हिराम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेली ती बाटली. तिच्यातील काचेची गोटीही आतील वायूच्याच रेट्याने वायसरवर घट्ट बसते आणि अंगठ्याने आत ढकलल्यावाचून सुटत नाही. यजमानांना आम्ही ही तुलना सांगितली तेव्हा गोटी सोड्याच्या आठवणीने ते क्षणभर आळीत जाऊन आले.

जुनी पिंपे घेतल्यावर पहिले काम म्हणजे सारे वायसर बदलणे. रबरात मुरलेला गोड पेयाचा वास कितीही धुतला तरी जात नाही आणि बियरला तो लागतो. मग पिंप उकलून, घासून, निर्जंतुक करून, त्यातील हवा वायूने हाकलून तयार बियर भरायची. हवा राहिली तर बियर शिळी होते.

येथे आमच्या हातून घडलेल्या चुकीची कबुली देणे भाग आहे. बाप्तिस्मा रविवारी होता. शुक्रवारी रात्री यजमानांनी नवे पिंप भरले आणि आम्ही उत्साहाने झाकण बसवण्याचे काम मागून घेतले. वायसरला एका बाजूस पीळ पडला, तो आमच्या लक्षात आला नाही. शनिवारी सकाळी पाहतो तो सिलिंडर रिकामा. रात्रभर वायू सूं सूं करीत निघून गेला होता. यजमानांच्या पत्नीने प्रथम मोटारखोलीचे मोठे दार सताड उघडले आणि कोणालाही आत वाकू दिले नाही. ती बाई रुग्णालयात परिचारिका आहे. पाच पौंडांच्या त्या सिलिंडरमधून हजार लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेहून जड, म्हणून जमिनीलगत साचतो. मोठ्या खोलीत विशेष बिघडत नाही. लहान, बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

या वायूची ही जात प्रथम ज्यांनी बारकाईने पाहिली त्यांपैकी एक धर्मोपदेशक होता, हे कळल्यावर आमच्या चुकीचे ओझे किंचित हलके झाले. जोसेफ प्रीस्टली १७६७ साली लीड्स येथील मिल हिल चॅपेलचा पाळक म्हणून आला. (तो आमच्या विश्वासाचा नव्हता, त्रैक्यही त्याला मान्य नव्हते. परंतु डोळे उघडे ठेवण्याचा गुण देव पंथ पाहून देत नाही.) त्याचे घर बियरच्या कारखान्याला लागून होते. आंबणाऱ्या पेयाच्या मोठ्या पात्रांवर एक अदृश्य वायू थर धरून राहतो, त्यात मेणबत्ती धरली की विझते आणि तिचा धूर त्या थरावर तरंगत राहतो, हे त्याने पाहिले. मग त्या थरात दोन भांडी धरून एकातून दुसऱ्यात पाणी ओतण्याचा खेळ त्याने केला आणि पाण्याला चुरचुरीत चव आली. १७७२ साली त्याने याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याची कल्पना अशी की या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही हा रोग बरा होईल. तो झाला नाही. सोडा मात्र जन्माला आला आणि थोड्याच वर्षांत जिनिव्हाच्या श्वेप्पे नामक गृहस्थाने त्याचा व्यापार मांडला.

प्रीस्टलीनंतर मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ साली या कुतूहलाला नियमाचे रूप दिले. तापमान कायम असेल तर द्रवात विरघळणारा वायू त्यावरील दाबाच्या प्रमाणात असतो. द्रव थंड असेल तर वायू अधिक मावतो, हेही त्याच्या प्रयोगांत आले होते. घरच्या पिंपाचे सारे शास्त्र याच दोन वाक्यांत सामावलेले आहे. यजमान आपला रेफ्रिजरेटर तीन अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि रेग्युलेटर दर चौरस इंचास १२ पौंडांवर. तसे ठेवून दहाएक दिवस विसरून गेले की बियरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीच पट वायू आपोआप मुरतो, ना कमी ना जास्त. घाई असेल तर दाब ३० पर्यंत वाढवून एक दिवस ठेवतात. आमच्या प्रतापामुळे त्या शनिवारी तेच करावे लागले. दुपारी दुकान बंद होण्यापूर्वी यजमान भरलेले सिलिंडर घेऊन आले. या वेळी प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. स्वयंपाकाचा गॅस जोडल्यावर आपल्याकडे जे करायला सांगतात तेच.

रेग्युलेटरच्या दोन घड्याळांविषयीही सांगावयास हवे, कारण त्यांपैकी एक फसवे आहे. एक घड्याळ पिंपात जाणारा दाब दाखवते, ते खरे बोलते. दुसरे सिलिंडरच्या आतील दाब दाखवते. परंतु आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि द्रवाचा थेंब शिल्लक असेतो तापमान सारखे असता वरचा दाब बदलत नाही. तेव्हा सिलिंडर भरलेले असो वा अगदी तळाला आलेले असो, काटा एकाच जागी. तो खाली येऊ लागला म्हणजे वायू संपलाच म्हणून समजावे. शिल्लक किती हे कळण्याचा मार्ग एकच: वजन करणे.

तोटीचीही एक मेख आहे. नवशिक्याच्या पेल्यात बियर नव्हे, नुसता फेस येतो. तो दाब कमी करतो. मग बियर मिळमिळीत होते. दोष दाबाचा नसतो, नळी आखूड असते. पिंपातला १२ पौंडांचा दाब तोटीपाशी पोहोचेपर्यंत नळीच्या घर्षणात हळूहळू संपावा लागतो. एकदम सुटला तर वायू उसळून बाहेर येतो. म्हणून तीन षोडशांश इंच पोटाची बारीक नळी आठ-दहा फूट लांब घेऊन पिंपावर वेटोळे करून ठेवायची. यजमानांची पहिली नळी चार फुटांची होती आणि वर्षभर ते फेसच पीत होते, असे त्यांच्या पत्नीने सांगितले.

इंग्लंडमध्ये मात्र याच वायूच्या पिंपाविरुद्ध १९७१ साली चळवळ उभी राहिली. पिंपातच मुरणारी जुनी जिवंत बियर हीच खरी, वायूने ढकललेली ती खोटी, असे त्या चळवळीचे म्हणणे. आमच्या यजमानांना ते पटत नाही. आम्ही या वादात मत देण्यास अपात्र आहोत.

आता त्या मातोश्रींकडे वळतो. शनिवारी संध्याकाळी त्या मोटारखोलीत आल्या, दोन्ही पिंपांना हात लावून पाहिला आणि मुलाला विचारले, ‘ह्यात किती मावते?’

‘एकोणीस लिटर, आई.’

‘आणि तू किती घेतोस?’

यजमान बोलू लागले आणि थांबले. त्यांना खरोखरच सांगता येईना. ते लपवीत होते असे नव्हे. बाटली असती तर रिकाम्या बाटल्या मोजता आल्या असत्या. पिंपाला आवाज नाही, रिकामे काही उरत नाही. तोटी ओढावी, पेला भरावा, पुन्हा ओढावी. पोलादातून आतले दिसत नाही. त्यांचे वडील देशी बाटली आणीत, तेव्हा ही माऊली पहाटे परसात त्या बाटल्या मोजत असे, हे मुलाला ठाऊक होते.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांतील चाळिसावा अध्याय पेयाच्या मापाविषयी आहे. मठवासीयाला वाइन नकोच, असे त्यांचे मूळ मत. परंतु हे आपल्या काळच्या मठवासीयांना पटवता येणार नाही, हेही ते मोकळेपणाने मान्य करतात आणि दर माणशी दिवसाला एक हेमिना, म्हणजे साधारण पाव लिटर, असे माप ठरवतात. आम्ही सेमिनरीत तो अध्याय परीक्षेपुरता वाचला होता. त्या मोटारखोलीत त्याचा अर्थ लागला. अमेरिकेच्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला दिलेले २०० गॅलन म्हणजे वर्षाला चाळीस पिंपे, दिवसाला दोन लिटरांहून अधिक. ती करवसुलीची मर्यादा आहे. तिला घराचे माप समजण्यात अर्थ नाही, असे आम्ही यजमानांना स्पष्ट सांगितले.

हे वाचून आपल्याकडील कोणा तरुणास हुरूप येईल, म्हणून येथेच लिहून ठेवतो: महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी बियर करणे हा गुन्हा आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने आपल्या ताडामाडांवरही हात ठेवला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे. धर्मविधीसाठी लागणाऱ्या वाइनची त्यात तरतूद आहे, छंदाची नाही.

सूनबाईंनी न्हाणीघरातला वजनकाटा आणला. रिकाम्या पिंपाचे वजन सुमारे चार किलो, ते यजमानांना माहीत होते. दुसरे, अर्धे वापरलेले पिंप काट्यावर ठेवले: साडेनऊ. म्हणजे साडेपाच लिटर शिल्लक. ते पिंप कधी लावले होते, याची तारीख यजमानांनी आठवून सांगितली. मोठ्याने वजाबाकी केली. उत्तर आले तेव्हा ते आईकडे न पाहता काट्याकडे पाहत राहिले. तो आकडा आम्ही येथे देत नाही. नातीच्या पाटीवरचा खडू घेऊन त्यांनी रेफ्रिजरेटरच्या दारावर तारीख आणि वजन लिहिले.

रविवारी बाप्तिस्म्यानंतर पंचवीस-तीस माणसे जेवायला होती. घाईने वायू भरलेले पिंप ठीक उतरले. पहिले दोन पेले तेवढे फेसाचे निघाले. रोमन विधिग्रंथात बियरला आशीर्वाद देण्याची एक छोटी प्रार्थना आहे, तिची आठवण यजमानांनीच आम्हांला करून दिली. आम्ही मातोश्रींकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, तेव्हा आम्ही ती प्रार्थना म्हटली. चार वाजता तोटीतून फुस्स असा आवाज आला आणि पिंप संपले. यजमानांनी दाब सोडला, झाकण काढले, पिंप धुऊन अंगणात उपडे वाळत घातले. त्याच्या शेजारी दोरीवर बाळाचे दुपटे वाळत होते.

गेल्या नाताळात मातोश्री आम्हांला भेटायला पाद्रीवाड्यात आल्या होत्या. मुलगा दर रविवारी रेफ्रिजरेटरच्या दाराचे छायाचित्र त्यांना फोनवर पाठवतो. त्यांनी ते आम्हांला दाखवले. खडूने लिहिलेल्या तारखांची लांब रांग होती, आणि मधल्या दोन आठवड्यांत वजन तेच होते.